थोरलीचं पोट रिकामं करताना

दुष्काळाच्या त्या वर्षी सोलापुरात रेशनवर लाल ज्वारी मिळायची. परदेशातून आलेली, मिलो म्हणायचे तिला. पीठ मळताना परातीत वीट कालवल्यासारखं दिसायचं. त्यामुळे आमच्या थोरलीला, म्हणजे सात वर्षांच्या लेकीला, शौचाच्या वेळी लाल पडायला लागलं तेव्हा घरात कुणालाच विचार करायची तसदी घ्यावी लागली नाही. मिलो खाल्ली, मिलोच बाहेर आली. विषय संपला.

विषय संपवण्यात आमचे हे फार वाकबगार. हे म्हणजे माझे यजमान. मिलच्या ऑफिसात कारकून होते, बी.ए. होते, आणि वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचे. त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचं मत तयार असायचं, कुणी विचारायचाच काय तो अवकाश.

"अगं, रंग उतरतो," ते म्हणाले. "नवीन चादर नाही का पहिल्या धुण्याला रंग सोडत?"

"पोरगी काय चादर आहे?"

"उदाहरण दिलं."

माझ्या सासूबाई अक्कलकोटकडच्या. त्यांना मी अत्ती म्हणायची. कानडीत सासूला तसंच म्हणतात. त्यांच्या मराठीत अर्धी कानडी असायची आणि कानडीत सगळे हुकूम. त्यांनी पोरीच्या डोळ्याखालची कातडी ओढून बघितली आणि सांगितलं, "आंगात उष्ण झालंय लेकराच्या. सब्जा भिजवून दे की."

शेजारच्या खोलीत एका तेलुगू विणकराचं बिऱ्हाड होतं. त्याच्या बायकोनं उंबऱ्यातूनच निदान केलं, दृष्ट लागलीय म्हणून. मग आठवडाभर पोरीनं सब्जा प्यायला, गुलकंद खाल्ला, तिच्यावरून मीठमिरच्या उतरवून झाल्या. मिरच्यांचा ठसका साऱ्या चाळीला लागला. रक्त मात्र येतच राहिलं.

शेवटी मी एक साधी गोष्ट केली. माझा भाऊ मंगळवेढ्याला असतो, त्याच्याकडून जुनी पांढरी शाळू ज्वारी मागवली, आणि थोरलीला तेवढीच भाकरी घालायची ठरवलं. आठ दिवस मिलोचा कणही तिच्या तोंडात गेला नाही. तरी लाल ते लालच. बाकीच्यांनी त्या आठ दिवसांत मिलोच खाल्ली होती आणि कुणाचाच रंग उतरला नव्हता.

"आता?" मी ह्यांना विचारलं.

"शाळू जुनी असेल," हे म्हणाले. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून आमच्याबरोबर दवाखान्यात आले.

नेहमीच्या डॉक्टरांनी आम्हाला एका सर्जनकडे पाठवलं. हे सर्जन मुंबईहून शिकून नुकतेच आले होते. वयानं इतके कोवळे की अत्तींनी त्यांनाच विचारलं, "डॉक्टर कवा येणार?" त्यांनी राग मानला नाही. पोरीशी बोलले, पोट दाबून बघितलं, बोट घालून तपासलं, आणि हात धुऊन आम्हाला समोर बसवलं.

"लहान मुलांच्या मोठ्या आतड्यात कधी कधी मऊ गाठ होते," ते म्हणाले. "बोरासारखी, देठ असलेली. शौच घासून गेलं की तिच्यातून रक्त येतं. दुखत नाही, म्हणून पोरं सांगत नाहीत. बोटाला काही लागलं नाही, म्हणजे असलीच तर जरा वर असेल. दुर्बीण घालून बघावं लागेल."

ह्यांनी घसा साफ केला. "दुर्बीण म्हणजे, तसं वास्तविक, दूरचं बघायला..."

"ही जवळचं बघायला आहे," डॉक्टर म्हणाले. "नळी असते, पुढं दिवा असतो. पोरीला झोपेचं औषध देऊ, तिला कळणार नाही. पण आतडं अगदी स्वच्छ पाहिजे. आत घाण असली तर मला काय दिसणार?"

मग त्यांनी मला तयारी समजावून सांगितली. मला म्हणजे मलाच; ह्यांच्याकडे बघून त्यांनी काय ते ओळखलं असावं. दोन दिवस पातळ खायचं. भाताची पेज, डाळीचं वरचं पाणी, लिंबाचं सरबत. भाकरी नाही, भाजी नाही, आणि शेंगदाणे तर अजिबात नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एरंडेल. तपासणीच्या दिवशी पहाटे एनिमा, पाणी स्वच्छ येईपर्यंत.

"जसं पाणी आत घालाल, तसंच बाहेर आलं पाहिजे," ते म्हणाले.

"आमच्या नळाला आत घालायच्या आधीच गढूळ येतं," मी म्हटलं. "मग कळायचं कसं?"

ते पहिल्यांदाच हसले. "गाळून, उकळून घ्या बाई. आणि मी सांगितलंय तेवढंच घाला, जास्त नाही."

पाण्याचं असं होतं की नळ एक दिवसाआड यायचा, आला तर. आणि संडासाचं असं होतं की चार बिऱ्हाडांत मिळून एकच, अंगणाच्या टोकाला, पत्र्याच्या दाराचा. डॉक्टरांची पुस्तकं जिथं लिहिली जातात तिथं घरटी एक संडास असणार. आमच्याकडे पोरीचं आतडं साफ करायचं म्हणजे आधी तीन शेजाऱ्यांची परवानगी काढायला हवी होती.

हे काम ह्यांनी अंगावर घेतलं. चाळीतले पुरुष अंगणात जमवले आणि प्रास्ताविक सुरू केलं. मनुष्याचं आतडं किती लांब असतं इथपासून सुरुवात केली. विणकर शेजारी बराच वेळ मान डोलवत होता. मग त्यानं हळूच विचारलं, "सायब, आमी काय करायचं?"

"त्या दिवशी पहाटे संडास आम्हाला मोकळा हवा," मी दारातून सांगितलं.

"मग तेवढंच सांगायचं की," तो म्हणाला आणि उठला. सभा बरखास्त झाली.

तयारीच्या पहिल्या दिवशी थोरलीनं पेज आनंदानं खाल्ली. दुसऱ्या दिवशी पेजेकडे पाठ करून बसली. घरात भाकरीचा वास, धाकटा भाऊ तिच्यासमोर शेंगाचटणी चाटतोय, आणि हिला डाळीचं पाणी. मी चटणीची बरणी आणि दाण्यांचा डबा कपाटात कुलूपबंद केला आणि किल्ली कमरेला खोचली. कुणावर नजर ठेवायची हे माझं पक्कं होतं. अत्तींचं नातीवर जीवापाड प्रेम, आणि त्यांचा प्रत्येक अपराध 'स्वल्प' ह्या शब्दानं सुरू व्हायचा. स्वल्प म्हणजे कानडीत थोडंसं. "स्वल्प भाकरी दे की लेकराला, दुधात कुस्करून. स्वल्प!" मी त्यांना दिवसभर पोरीजवळ एकटं सोडलं नाही. पाणी भरायला जातानासुद्धा त्यांना बरोबर नेलं.

संध्याकाळी हे ऑफिसातून आले. पोरीचं तोंड बघून म्हणाले, "हिला जरा सात रस्त्याच्या चौकापर्यंत फिरवून आणतो. मन रमेल. मनाचा आणि पोटाचा फार संबंध असतो."

फिरून आल्यावर पोरीचं मन खरंच रमलेलं दिसलं. गाणं म्हणत आली. मला ह्यांचं कौतुक वाटलं, हे इथं मुद्दाम नमूद करते, कारण असे प्रसंग थोडे.

एरंडेल पाजताना मी तिला मांडीवर आडवं धरलं, अत्तींनी पाय धरले आणि ह्यांनी एरंडेलाचे गुण सांगितले. अर्धं पोटात गेलं, अर्धं माझ्या पातळावर. पहाटे एनिमा. दवाखान्यातून आणलेला पांढरा इनॅमलचा डबा आणि त्याला लाल रबराची नळी. डबा उंचावर टांगायला हवा होता, आणि खोलीत नेमक्या उंचीचा एकच खिळा होता. त्याला ह्यांच्या पदवीची तसबीर होती. मी पदवी उतरवली आणि डबा टांगला. त्या खिळ्याचा घराला उपयोग झालेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

पोर रडली. मीही रडले, पण हात थांबवला नाही. पाणी पुरेना. हंड्यातलं संपलं, पिण्याच्या घागरीतलं घेतलं. शेवटी आलेलं पाणी स्वच्छ होतं असं मी ठरवून टाकलं, कारण दुसरं घालायला उरलंच नव्हतं.

दवाखान्यात पोरीला आत नेलं. आम्ही बाहेरच्या बाकड्यावर. फार वेळ गेला नाही, डॉक्टर बाहेर आले.

"बाई, मी काय सांगितलं होतं?"

"सगळं केलं डॉक्टर."

"आत शेंगदाणे आहेत. एकदोन नाहीत. मला पुढचं काहीच दिसत नाही."

मग ह्यांनी सावकाश मान वळवून आपल्या आईकडे बघितलं. मीही बघितलं. डॉक्टरांनीसुद्धा बघितलं. जगात सगळ्यांनाच माहीत असतं की पोरांना चोरून खायला आजीच घालते.

"माझ्याकडं का बगताय सगळी?" अत्ती उसळल्या. "मी नाही दिलं! शिवाची आण!"

"अव्वा, तुझं प्रेम आम्ही समजू शकतो," हे अत्यंत समंजसपणे म्हणाले, "पण वैद्यकीय बाबतीत..."

एवढ्यात नर्सनं पोरीला बाहेर आणलं. औषधाच्या गुंगीत होती, डोळे अर्धे मिटलेले, जीभ जड. बापाचा आवाज ऐकून तिनं हात पुढं केला.

"अप्पा," ती म्हणाली, "आपण खारे दाणे खाल्लेलं आईला सांगायचं नाही ना?"

ह्यांनी रुमाल शोधत असल्यासारखे खिसे चाचपायला सुरुवात केली. डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले. अत्ती उठल्या, पदर नीट केला, आणि आपल्या बी.ए. मुलाला कानडीत असं काही म्हणाल्या, ज्याचं भाषांतर मी अजूनही कुणाला करून दिलेलं नाही.

घरी टांग्यानं आलो. चाळीजवळ आल्यावर हे एवढंच म्हणाले, "दाण्यांच्या गाडीवाल्याजवळून जात होतो. तिनं मागितलं नाही गं. नुसतं बघितलं. आणि मग माझ्याकडे बघितलं." त्यावर माझ्याकडे फार चांगलं, झोंबणारं उत्तर तयार होतं. पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं. मागाहून बऱ्याचदा वापरलं.

डॉक्टरांनी पुढच्या आठवड्याची वेळ दिली. थोरलीला कळलं की हे सगळं पुन्हा करायचं, तेव्हा ती पलंगाखाली जाऊन बसली आणि येईना. पेज नको, तेल नको, डबा तर नकोच. मी समजावलं, अत्तींनी पुतळ्यांची माळ देते म्हणून सांगितलं. हे पलंगाजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "बाळ, शास्त्र असं सांगतं..."

"तुम्ही घ्या," पलंगाखालून आवाज आला.

"काय घ्या?"

"एरंडेल. आणि पेज पण. तुम्ही दाणे दिले म्हणून परत करायचंय. तुम्ही पण घ्या."

"बरोबर बोलतंय लेकरू," अत्ती म्हणाल्या.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्यासाठी दुसरी वाटी घेतली आणि पेज वाढली.

त्या दोन दिवसांइतकी शांतता आमच्या घरात कधी नव्हती. ह्यांनी पेज खाल्ली, डाळीचं पाणी प्यायलं, आणि कुठल्याही विषयावर मत दिलं नाही. अत्तींनी उंबऱ्यात पाट टाकला आणि तिथं ठाण मांडलं. अपमान त्यांच्या मनात ताजा होता. त्यांच्या नजरेखालून मुंगीसुद्धा दाणा घेऊन आत गेली नसती. शेजारीण पोरीसाठी म्हणून गोड खोबऱ्याची वडी घेऊन आली, तर तिला बाहेरच थांबवून विचारलं, "हे काय हाय? स्वल्प पण न्हाय चालायचं!" ऑफिसला जाताना मुलाचे दोन्ही खिसे त्यांनी स्वतः उलटे करून बघितले. मुलगा चौतिशीचा होता.

संध्याकाळी बाप आणि लेक समोरासमोर बसले, दोघांच्या हातात एरंडेलाची वाटी. आठवडाभरापूर्वी ह्यांनीच सांगितलेल्या एरंडेलाच्या गुणांपैकी ह्यांना आता एकही आठवत नव्हता.

"अप्पा, नाक धरायचं," थोरली म्हणाली. "आणि एकदम गिळायचं. मग लिंबू चोखायचं. चव बघायची नाही."

तिनं नाक धरलं आणि गिळलं. एक थेंब सांडला नाही. मग हात कमरेवर ठेवून बापाकडे बघत राहिली. ह्यांनी डोळे मिटले आणि घोट घेतला. तो चेहरा मला अजून दिसतो. अत्तींनी लिंबाची फोड पुढं केली, आधी नातीला, मग लेकाला.

पुढं जे व्हायचं ते दोघांनाही एकाच वेळी झालं, आणि संडास एकच. अर्थात लेकीचा मान पहिला. हे पत्र्याच्या दाराबाहेर हातात लोटा घेऊन, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभे, आणि आतून पोर विचारतेय, "अप्पा, तुम्हाला पण कळ आली? लई आली का स्वल्प?" विणकर शेजारी आपला लोटा घेऊन आला, ह्यांची अवस्था बघितली आणि काही न बोलता परत फिरला. चाळीतल्या कुणीही त्याबद्दल नंतर चकार शब्द काढला नाही. ह्यांच्यासमोर तरी नाही.

पहाटे पाण्याचा प्रश्न होताच. आदल्या दिवशी नळ आलाच नव्हता, आणि आमच्या हंड्यात तळ दिसत होता. मी गाळायचं फडकं धुवत होते तेवढ्यात शेजारीण आली, हातात पितळी कळशी. "उकळलंय," म्हणाली. तिच्या मागून वरच्या बिऱ्हाडातली आली, तिच्याजवळही तांब्या झाकलेला. कोपऱ्यातल्या म्हातारीनंसुद्धा पाठवलं. त्या दिवसांत पाणी देणं म्हणजे काय ते ज्यानं रात्र रात्र नळाशी काढली त्यालाच कळेल. मी बोलायला गेले तर शेजारीण म्हणाली, "आधी पोरीचं बघ."

ह्या वेळी पोर रडली नाही. कुशीवर झोपून, दात दाबून, खिळ्यावरच्या डब्याकडे बघत राहिली. ह्यांनी तिचा हात धरला होता आणि प्रथमच काही समजावून सांगत नव्हते. शेवटचं पाणी आलं ते इतकं निवळ की मी शेजारणीला हाक मारली. तिनं बघितलं, वरचीनं बघितलं, अत्तींनी चष्मा लावून बघितलं. आमच्या चाळीतल्या बायकांनी एवढ्या कौतुकानं कुणाचं बाळ बघितलं नसेल.

डॉक्टर त्या दिवशी बराच वेळ बाहेर आले नाहीत. बाकड्यावर मी, अत्ती, आणि भिंतीला टेकून हे, अजून पोट धरून. मग दार उघडलं. डॉक्टरांच्या हातात छोटी बाटली होती आणि तिच्यात लालसर, करवंदाएवढी गाठ, बारीक देठासकट.

"ही बघा," ते म्हणाले. "एकच होती. बांधून काढली. आता रक्त येणार नाही. तपासायला पाठवतो, पण मला काळजी वाटत नाही." मग मला म्हणाले, "तयारी इतकी स्वच्छ मी मुंबईतसुद्धा बघितली नाही."

हे चटकन पुढं झाले. "आम्ही फार शास्त्रशुद्ध पद्धतीनं..."

"तू बस," अत्ती म्हणाल्या. ते बसले.

तपासणीचा निकाल चांगला आला. गाठ साधी होती, आणि रक्त पुन्हा कधी दिसलं नाही. पोरगी पंधरा दिवसांत अंगानं भरली. ह्यांचा उपास सुटला त्याच दिवशी त्यांना वाचा परत आली, आणि ऑफिसात त्यांनी सांगितलेल्या हकीकतीत गाठीचं निदान पहिल्यांदा त्यांनीच केलं होतं, असं मला पुढं कळलं.

थोरली पुन्हा शाळेत जायला लागली, आणि तिसऱ्याच दिवशी तिच्या वर्गाच्या बाईंनी मला बोलावणं पाठवलं. बाई कडक, कांजी घातलेल्या सुती पातळातल्या. वऱ्हांड्यात उभ्या राहून म्हणाल्या, "तुमच्या मुलीनं मधल्या सुट्टीत फळ्यावर डबा काढला. नळीसकट. आणि सगळ्या वर्गाला माहिती दिली."

"काय माहिती?" मी विचारलं, जणू मला ठाऊकच नव्हतं.

"सगळी." बाईंचे कान लाल झाले होते. "अशा गोष्टी मुलींनी चारचौघांत बोलू नयेत, हे आईनं शिकवायला हवं."

मी मान खाली घालून ऐकलं. वऱ्हांड्यातून जाणाऱ्या दुसऱ्या बाई लांब गेल्या, तशा ह्या एक पाऊल जवळ आल्या. आवाज एकदम उतरला.

"माझ्या बहिणीचा मुलगा आहे, बार्शीला. सहा वर्षांचा. त्यालाही तसंच जातं. वर्ष झालं. घरात कुणी बोलत नाही. उष्णता म्हणतात." त्या थांबल्या. "ते डॉक्टर कुठं बसतात?"

मी त्यांना दवाखाना सांगितला. मग तिथंच, वऱ्हांड्याच्या खांबापाशी उभं राहून, सगळं सांगितलं. पेज किती पातळ करायची, दाणे कुठं लपवायचे आणि कुणापासून, एरंडेलावर लिंबू कसं द्यायचं, पाणी कसं गाळायचं आणि किती निवळ आलं की थांबायचं. बाई एकेक गोष्ट पुन्हा म्हणून बघत होत्या, वर्गात मुलींकडून पाढे म्हणवून घेतात तशा.

"त्याला फार त्रास होईल का हो?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या वेळी रडेल," मी म्हटलं. "कुणीतरी हात धरून बसा."

मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली. बाईंनी पदर खांद्यावर घेतला, चेहरा पुन्हा पहिल्यासारखा कडक केला आणि वर्गात गेल्या. मी गिरणीतून दळण घेतलं आणि घरी आले.